त्यांना बाय, मला साहेब

"दार कुठल्या अंगाला उघडतं रे तुमच्या घराचं?"

नव्या मुलाला बाईंचा पहिला प्रश्न हा असायचा. नाव नाही, वय नाही, कलम नाही. पोलिसांनी उचललेलं पोर मान खाली घालून बाकावर बसलेलं असायचं. बाई त्याच्या समोर न बसता शेजारी बसायच्या आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे जेवायलाच जायचंय अशा थाटात हे विचारायच्या. मग गप्प. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कितीही. शेवटी पोर हात करून दाखवायचं, "असं. डोंगराकडं." की झालं काम. दारातून अंगण, अंगणातून शेत, शेत सोडून इकडे आले ती कामाची साइट, आणि साइटवर त्या दिवशी नक्की काय झालं ते. जे पोलिसांना दोन दिवसांत कळलं नव्हतं ते बाईंना तासाभरात कळायचं.

तुम्हाला वाटेल, मी कौतुक करतोय. कौतुकच आहे. पण ते करताना माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत व्हायची नाही.

आमचं केंद्र विरार पूर्वेला, पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत. गुन्ह्यात अडकलेल्या आदिवासी मुलामुलींना फुकट वकील मिळवून द्यायचा, बाल न्याय मंडळापुढे त्यांची बाजू मांडायची, सुटल्यावर ती परत अडकू नयेत म्हणून मागे लागायचं, हे काम. खालची गिरणी सुरू झाली की वरच्या फायलींवर पीठ बसायचं. सात वर्षं ते पीठ मी झटकलं. प्रभारी म्हणून. संस्थेनं कायमचा प्रमुख नेमायचं ठरवलं तेव्हा मी दुकानात जाऊन चाकांची, उंच पाठीची खुर्ची स्वतः पसंत करून आलो. खुर्ची आली आणि पाठोपाठ बाई आल्या.

जव्हारकडच्या पाड्यावरच्या. वारली. आश्रमशाळेत शिकलेल्या, नोकरी करत वकील झालेल्या, वयानं माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी वसईचा, आमच्या गावातल्या चर्चच्या शाळेत आणि मग मुंबईत शिकलेला, इंग्रजी अर्ज एकटाकी लिहिणारा. मी मनाशी म्हटलं, मुलं त्यांच्या समाजाची, म्हणून त्यांना आणलं, दुसरं काय. हे कोणाजवळ बोललो नाही. पण सहा महिने रोज सकाळी दात घासताना मनाशी म्हणत होतो.

त्यातून बाई त्या खुर्चीत बसल्याच नाहीत. "घसरते ती," म्हणाल्या, आणि तिच्यावर जुन्या फायली रचल्या. मला मिळाली नाही ती नाहीच, पण ज्यांना मिळाली त्यांनाही नको, हे फार झोंबलं.

मुलं त्यांना 'बाय' म्हणायची. घरात थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. मला 'साहेब'. वकिलाला साहेब म्हटलेलं गोड लागायला हवं, नाही का? पण जिन्यात पावलं वाजली की पोरं दाराकडे बघायची, आणि मी आत शिरलो की परत खाली बघायची. "बाय नाय आली?" हा माझ्या स्वागताचा शब्द होता.

त्यांच्यात दोष नव्हते असं समजू नका, मी ते नीट गोळा करून ठेवले होते. बाई कधीही वेळेवर यायच्या नाहीत. माझी पेनं न्यायच्या आणि ती जव्हार-मोखाड्यात कुठे कुठे वाटून यायच्या. फोन कायम मेलेला. डब्यात सुकट, आणि ती शेगडीवर गरम करायचा हट्ट, की अख्ख्या जिन्याला बातमी. इंग्रजी तर असं की मी लिहिलेला अर्ज हातात घेऊन विचारायच्या, "सर, हे वाक्य मराठीत काय होतं?" खवचटपणा नसायचा त्यात. मी मराठीत सांगायला जायचो आणि निम्म्या वेळा लक्षात यायचं की त्या वाक्यात सांगण्यासारखं काही नाहीच.

एकदा, त्या यायच्या आत, मी त्यांचा प्रश्न वापरून बघितला. खोटं कशाला बोलू, चोरलाच. नायगावच्या एका टॉवरच्या साइटवरून आणलेली तेरा वर्षांची पोरगी होती. मी शेजारी बसलो, आवाज मऊ केला आणि विचारलं, "दार कुठल्या अंगाला उघडतं गं तुमच्या घराचं?"

तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "कठलं दार? दारां बसवायची हायेत अजून. आमी बाराव्या माळ्यावर रेतो."

मी वहीत लिहिलं, 'दार नाही.' तेवढ्यात मागून हसू आलं. बाई उंबऱ्यात उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. मग आत आल्या, पोरीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. "मग ऊन कुठून येतं गं आत?" आणि ती पोरगी जी बोलायला लागली ती गिरणी बंद होईपर्यंत थांबली नाही. मी चहा सांगायला खाली गेलो.

बाईंचा वाढदिवस एक जूनला असतो हे मला कागदपत्रांवरून कळलं होतं. मनातलं झाकायला माणूस केक आणतो, तसा मी आणला. बाईंना हसू आवरेना. "सर, आज आमच्या अर्ध्या तालुक्याचा वाढदिवस आहे!" पाड्यावर जन्माची तारीख कोण लिहून ठेवतो? पोर शाळेत आलं की मास्तर त्याचे दात बघणार, उंची बघणार आणि वर्ष अंदाजानं ठोकून तारीख लिहिणार एक जून, म्हणजे शाळा सुरू होताना वय बसलं पाहिजे. "माझा खरा जन्म नाचणी कापायच्या दिवसांतला," बाई म्हणाल्या. "आई सांगते. वर्ष तिलाही सांगता येत नाही." केक मात्र त्यांनी मन लावून खाल्ला, आणि उरलेला, पकडलेली मुलं ठेवतात त्या निरीक्षणगृहात नेला.

हे सगळं चेष्टेवारी नेण्यासारखंच राहिलं असतं, पण नवसूची केस आली.

नवसू नायगावलाच आईबरोबर साइटवर होता. सळ्या बांधायचं काम शिकत होता, आणि हात चांगला होता म्हणे. तांब्याच्या वायरीची चोरी झाली आणि चार मोठ्या माणसांबरोबर तोही उचलला गेला. शाळेच्या दाखल्यावर त्याचं वय भरत होतं अठरा वर्षं दोन महिने. त्यामुळे मुलांचं मंडळ नाही, निरीक्षणगृह नाही. सरळ मोठ्यांचं कोर्ट आणि मोठ्यांचा तुरुंग. आई ऊर बडवून सांगत होती, "सोळाचा हाय वो तो, सोळाचा." पण कागदापुढे आईचं कोण ऐकतो?

बाई पाड्यावर जाऊन दोन दिवस राहून आल्या. येताना अख्खी भानगड घेऊन आल्या. नवसूला एक थोरला भाऊ, जान्या, आता अर्नाळ्याला बोटीवर खलाशी. जान्याला आश्रमशाळेत घालायची वेळ आली तेव्हा धाकटा त्याला सोडेना. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले. मास्तर दयाळू. त्यांनी दोघांनाही पहिलीत घेतलं, एका बाकावर बसवलं, आणि दोघांच्याही नावापुढे तोच एक जून आणि तेच वर्ष लिहिलं. मास्तरांच्या मायेनं दोन वर्षांच्या अंतराचे भाऊ कागदावर जुळे झाले. त्या मायेपायी नवसू आता तुरुंगात होता.

"पण थोरला घरी झाला आणि हा आरोग्य उपकेंद्रात," बाई म्हणाल्या. "उपकेंद्राचं रजिस्टर वाळवीनं खाल्लंय. बाळंतपण करणारी नर्स मात्र आईला आठवते. गळ्यात क्रूस होता, वसईकडची होती. सर, तुमच्याकडची असेल का हो कोणी?"

"वसईत नर्सा काय दोनचार आहेत?" मी म्हटलं. "घरटी एक सापडेल."

बाई हसल्या. पण मला तेव्हाच अंदाज आला होता. आमच्या घरापासून चौथ्या घरातली म्हातारी सिस्टर जव्हारकडे नर्स म्हणून बावीस वर्षं काढून आलेली होती. रविवारी मिस्सा सुटल्यावर मी तिला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. नवसूच्या आईचं नाव सांगताच ती मला घरी घेऊन गेली आणि ट्रंकेतून एक जाड वही काढली. स्वतःच्या हातून झालेलं प्रत्येक बाळंतपण तिनं तीत लिहून ठेवलं होतं. नवसूच्या आईच्या नावापुढे तारीख होती, आणि पुढे लिहिलं होतं, 'दुसरं मूल. मुलगा. पहिला दोन वर्षांचा, घरी झालेला.'

"सगळ्यांसाठी प्रार्थना करायची म्हणून लिहून ठेवली होती नावं," ती आमच्या घरच्या बोलीत म्हणाली. मी सांगितलं तसं तिनं एका कागदावर लिहून दिलं, सही केली, सहीखाली त्या दिवशीची तारीख घातली, आणि वहीही माझ्या हवाली केली.

घरी येताना मी अक्षरशः शीळ घालत होतो. बाई आल्यापासून पहिल्यांदा त्यांना न सापडलेली गोष्ट मला सापडली होती. नवसूच्या केसची पुढची तारीख नऊ दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद बाईंच्या हातात दिला असता तर त्यांनी तारखेची वाट बघितली नसती. तशाच रिक्षात बसून कोर्ट गाठलं असतं, तातडीचा अर्ज लावला असता, आणि पोर दोनतीन दिवसांत मोठ्यांच्या तुरुंगाबाहेर आलं असतं. मला हे ठाऊक होतं. सगळं ठाऊक होतं. पण मग अर्ज बाईंचा झाला असता. मला भरलेल्या कोर्टात, न्यायाधीशांसमोर, बाई मागे बसलेल्या असताना, ती वही स्वतः उघडायची होती.

सोमवारी बाईंनी विचारलं, "सर, नर्सबाईंचं काही?"

"शोधतोय," मी म्हटलं.

बुधवारी परत विचारलं. मी परत तेच म्हटलं. बाई म्हणाल्या, "सापडेल. तुमचं गाव आहे, तुम्हाला कोणी नाही म्हणणार नाही." त्यांचा माझ्यावर विश्वास होता, आणि मला त्याचाही राग आला.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी वही आणि कागद असे काढले, जसे काही भर सभेत शाल-श्रीफळ द्यायचेत. बाईंनी कागद वाचला. चेहरा उजळला. मग त्यांचं बोट सहीपर्यंत आलं आणि सहीखालच्या तारखेवर थांबलं.

"हा गेल्या रविवारच्या आदल्या रविवारचा आहे," बाई म्हणाल्या.

मी वहीतलं पान शोधायला लागलो.

तेवढ्यात नवसूला आणलं. त्याच्या उजव्या हाताला बँडेज होतं. तुरुंगात मोठ्यांनी त्याला पाणी भरायला लावलं होतं, आणि शुक्रवारी टाकीचं लोखंडी झाकण हातावर पडलं. दोन बोटं मोडली होती. बाईंनी त्याला दुसरं काही विचारलं नाही, एवढंच विचारलं, "कधी?" आणि त्यानं सांगितलं, "शुक्रवारी." मग बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी वाद घातला असता. त्यांनी नुसतं बघितलं.

"तुम्ही बोला, सर," त्या म्हणाल्या. "कागद तुम्ही आणलाय."

मी बोललो. तुम्हाला खरं सांगतो, तितकं चांगलं मी पुन्हा कधी बोललो नाही. एका बाकावरचे दोन भाऊ, दयाळू मास्तर, नर्सची वही. न्यायाधीशांनी वही स्वतः हातात घेतली, दोनदा वाचली, आणि नवसूला मुलांच्या मंडळाकडे पाठवण्याचा आदेश दिला. वर म्हणाले, "वकीलसाहेब, फार मेहनतीनं काम केलंत." ज्या वाक्यासाठी नऊ दिवस थांबलो होतो ते मला मिळालं. मी मागे वळून बघितलं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या नवसूच्या बँडेजचं सुटलेलं टोक खोचत होत्या.

दोन दिवसांनी मंडळानं नवसूला आईच्या ताब्यात दिलं. त्या दिवशी जिन्यात बाईंनी मला थांबवलं.

"सर, संस्थेला मी काही सांगणार नाही. मुलांना तुमचा उपयोग आहे. पण नवसूच्या आईला सांगायचं. तुम्ही."

"काय सांगू?"

"झालं ते. नऊ दिवस."

पुढच्या सोमवारी त्यांनी विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, "नाही अजून." त्यांनी मान हलवली आणि कामाला लागल्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. आवाज चढला नाही, टोमणा नाही, कामात दुजाभाव नाही. उलट मोठ्या केसेस मलाच द्यायला लागल्या. वर्षभर दर सोमवारी एकदा, "सांगितलंत?" मी सोमवारी मुद्दाम कोर्टाची कामं काढायला लागलो, तर त्या मंगळवारी विचारायच्या. मला वाटायचं, एकदा खडसून बोला आणि मोकळं करा. पण तेवढी उदार मेहेरबानी त्यांनी माझ्यावर केली नाही.

मग संस्थेनं जव्हारला नवं केंद्र काढलं आणि बाई तिकडे निघाल्या. निरोपाला समोसे होते, भाषणं होती. मी उत्तम बोललो. भाषण मला नेहमीच जमतं. विरारच्या एसटी स्टँडवर त्यांची पिशवी घेऊन मीच गेलो. सोमवारच होता. कुठल्या मुलीला कुठल्या दिवशी भेटायला जायचं, कुणाच्या बापाशी बोलताना काय बोलायचं नाही, हे त्या गाडीत चढेपर्यंत सांगत राहिल्या. मी वाट बघत होतो. गाडी सुरू झाली, खिडकीतून त्यांनी हात हलवला, आणि प्रश्न आलाच नाही.

आता केंद्र माझं आहे. खुर्चीवरच्या फायली मी उतरवल्या, बसूनही बघितलं. बाईंचं म्हणणं खरं होतं, घसरते ती. जव्हारहून त्यांचा फोन येतो तो मुलांबद्दल असतो. "सांगितलंत?" पुन्हा कधी नाही. रोज कोणी तरी जिना चढून येतं आणि माझ्याकडे बघून विचारतं, "बाय कठं हाय?"

गेल्या महिन्यात मी नायगावला गेलो. कोणी विचारलं नव्हतं, म्हणूनच गेलो असेन. खाडीकडच्या नव्या टॉवरच्या साइटवर नवसूची आई घमेली वाहत होती. नवसू माळ्यावर पाणी पोचवत होता. ती दोन बोटं वाकत नाहीत, त्यामुळे सळ्या बांधायचं काम सुटलं, हे तिनंच सांगितलं. तक्रार म्हणून नाही, चौकशी केली म्हणून. माझ्यासाठी तिनं कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची आणवली. मी तिच्या पोराला सोडवणारा साहेब होतो ना.

मी उभाच राहिलो आणि सांगितलं. कागद रविवारी मिळाला होता. बायनं विचारलं तेव्हा खोटं बोललो. मला कोर्टात स्वतः दाखवायचा होता. पोराचा हात शुक्रवारी मोडला.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिनं विचारलं, "बायला ठावं व्हता?"

"हो. त्याच दिवसापासून."

"तरी ती तुमच्या बाजूला बसायची?"

"हो. वर्षभर."

तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली.

"ती बसली असंल, सायेब," ती म्हणाली. "माज्याच्यानं नाय व्हनार." आणि खुर्ची उचलून, जिथून आणली होती तिथे ठेवून आली.

फाटकाबाहेर येऊन मी फोन काढला. बाईंना एवढंच सांगायचं होतं, सांगितलं म्हणून. नंबर लावलासुद्धा. बाई म्हणाल्या असत्या, "बरं केलंत, सर." त्यांच्या तोंडून ते ऐकायला मी आसुसलो होतो. मग लक्षात आलं, नऊ दिवस कागद दडवला तोही असल्याच एका शाबासकीसाठी. घंटी वाजायच्या आत मी फोन बंद केला.